फ्युएल पंप घरी बदलता येतो, पण टाकीला हात सगळ्यात शेवटी

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं. सात सीटची पेट्रोल व्हॅन, दहा-बारा वर्षांची. सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते, पण तासभर चालून पक्की गरम झाली की मध्येच बंद पडते. मग सेल्फ फिरतो, इंजिन काही पकडत नाही. अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी चालू होते. गॅरेजमध्ये काही न मोजताच 'पंप गेलाय' असं सांगितलं, आणि आता तुम्हाला तो भावाला हाताशी घेऊन घरीच बदलायचा आहे. जमेल का?

जमेल. गोटीपान्यांचा बरा सेट, दोन जॅक स्टँड, एक मल्टिमीटर आणि अख्खा मोकळा दिवस हाताशी असला की हे काम घरी होतं. मात्र टाकी उतरवायला पाच तास जाणार असतील, तर त्याआधीचा एक तास 'पंपच गेलाय का' हे बघण्यात घाला. त्या तासाचा कंटाळा मी एकदा केला होता. अशाच एका व्हॅनची टाकी खाली घेतली, नवा पंप बसवला, गाडी झकास चालली आणि तीन आठवड्यांनी त्याच चढावर परत बंद पडली. पंप दोन्ही चांगले होते. टाकीच्या डोक्यावरच्या कपलरमध्ये, म्हणजे पंपाच्या वायरी जोडतात त्या खटक्यात, अर्थची (मायनसची) पिन जळालेली होती. पहिल्या वेळी तो कपलर काढताना-लावताना पिन जरा घासली गेली आणि तेवढ्यावर गाडी तीन आठवडे चालली. दुसऱ्यांदा टाकी उतरवण्याची मजुरी अर्थातच कोणी दिली नाही.

तुमच्या लक्षणांवर पंपाचा संशय घेणं चूक नाही. टाकीतला पंप म्हणजे इंजिनाकडे पेट्रोल ढकलणारी, पेट्रोलात बुडालेली छोटी विजेची मोटर. आतले कार्बन ब्रश झिजले की गरम झाल्यावर त्यांची पकड सुटते आणि थंड झाल्यावर परत जमते. पण इंजिन फिरतंय हे कंट्रोल युनिटला (गाडीच्या कॉम्प्युटरला) कळवणारा क्रँक पोझिशन सेन्सरही अगदी असाच वागतो. त्यातल्या कॉइलची केसाएवढी तार गरम झाली की कुठेतरी सुटते, गार झाली की जुळते. पंपाची वीज जोडणारा-तोडणारा छोटा स्विच म्हणजे रिले; त्यातला सुटलेला सोल्डरचा टाकाही तेच नाटक करतो. म्हणून पहिली अट: तपासायचं ते गाडी बंद पडलेली असताना. सकाळी थंड गाडीवर सगळं बरोबरच दिसणार, कारण तेव्हा ती चालूच असते.

गाडी बंद पडली की जागा सुरक्षित बघा आणि सेल्फ मारताना आधी टॅकोमीटरच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे दाखवणाऱ्या) काट्याकडे नजर ठेवा. बऱ्याच गाड्यांत सेल्फ फिरताना काटा जरासा, दोनशेच्या आसपास, थरथरतो. तो शून्याला चिकटून मेल्यासारखा राहिला, तर टाकीकडे जाण्याआधी क्रँक सेन्सर बघा. तो सेन्सर बदलणं तुलनेने किरकोळ काम आहे. इमोबिलायझरचा (चावी ओळखणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेचा) दिवा लुकलुकत असेल तर तो विषयच वेगळा.

मग कान लावा. चावी ऑन केली की, सेल्फ न मारता, पंप साधारण दोन सेकंद फिरतो आणि इंजिन फिरल्याचा सिग्नल मिळाला नाही तर कंट्रोल युनिट त्याला बंद करतं. अपघातात तुटलेल्या पाइपातून पेट्रोल ओतत राहू नये म्हणून ही व्यवस्था आहे. एकाने चावी फिरवायची, दुसऱ्याने पेट्रोल भरायचं झाकण उघडून तिथे कान द्यायचा. घुंऽऽ असा आवाज येऊन थांबला तर पंपाला वीज मिळते आणि तो फिरतोय. आवाज आला म्हणजे दाब आला असं मात्र नाही. आवाज नसेल तर फ्यूज बघा, मग रिले. बहुतेक फ्यूज बॉक्समध्ये हॉर्नचा किंवा आणखी कशाचा तरी त्याच नंबरचा रिले असतो. तो काढून पंपाच्या जागी लावून बघा. फुकटातली तपासणी आहे. काही गाड्यांत धक्का बसल्यावर पंप तोडणारा इनर्शिया स्विचही असतो. असेल तर त्याचं बटण वर आलंय का तेही बघून घ्या.

आता मल्टिमीटर, आणि इथे नव्वद टक्के लोक चुकतात. कपलर सुटा करून त्यात मीटरच्या सुया घालतात, १२ व्होल्ट दिसतात आणि 'वीज येतेय, म्हणजे पंप मेला' असा निकाल देतात. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. गंजून एका तंतूवर उरलेली वायरसुद्धा त्याला १२ व्होल्ट दाखवते. पंपाला साधारण ४ ते ८ अँपिअर लागतात, आणि तेवढा करंट सुरू झाला की ती वायर मान टाकते. म्हणून कपलर जोडलेला ठेवून, पंप फिरत असताना, मागच्या बाजूने पातळ सुई सारून मोजा. बॅटरीवर १२.४ असतील तर पंपाशी त्यापेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी नकोत. तसंच अर्थच्या बाजूला: एक सुई पंपाच्या अर्थ पिनवर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर, पंप चालू. इथेही अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं. दोन्ही बाजू बरोबर असूनही पंप गप्प असेल तर दोष पंपात, नाहीतर खुद्द कपलरच्या पिनेत. नव्या बऱ्याच गाड्यांत पंपाला वेगळा कंट्रोलर असतो आणि तो व्होल्टेज कमी-जास्त करत राहतो. तिथे हा साधा हिशोब लागू पडत नाही, मॅन्युअल उघडावं लागतं.

दाब मोजण्याचा गेज मिळाला तर सोन्याहून पिवळं. इंजेक्टरच्या (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या तोट्यांच्या) रेलवर, म्हणजे त्यांना पेट्रोल देणाऱ्या नळीवर, टायरच्या व्हॉल्व्हसारखी टोपी असलेली जागा असेल तर तिथे तो लागतो. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या इंजिनात, जिथे पेट्रोल सिलिंडरच्या तोंडाशी फवारलं जातं, साधारण ३ ते ४ बार असतात. साडेतीन बार म्हणजे पन्नास पीएसआय धरा. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच खरा. पंप बंद केल्यावर पाच मिनिटांत काटा शून्यावर आला तर पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे येऊ न देणारी झडप) किंवा एखादा इंजेक्टर गळतोय. तेव्हा गाडी बंद पडत नाही, पण सकाळी सेल्फ लांब मारावा लागतो. इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं (थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारं) असेल तर इंजिनावरच्या उच्च दाबाच्या पाइपांना हातही लावू नका. तिथे शेकडो बार दाब असू शकतो आणि ती धार कातडी फोडून आत जाते.

एक जुनी युक्ती सगळे सांगतात: कोणीतरी सेल्फ मारत असताना टाकीच्या बुडाला रबरी हातोडीने थापट्या द्यायच्या. त्याने गाडी चालू झाली तर ब्रश झिजलेत असं समजतात. बहुतेक वेळा खरं निघतं. घरी पोचायला मीही हे केलंय. पण त्या थापट्यांनी सैल कपलरही जागेवर बसतो, हे वरच्या गोष्टीवरून लक्षात आलंच असेल.

समजा, सिद्ध झालं. पंपच.

पार्ट घेताना दोन पर्याय असतात: फक्त मोटर, किंवा फ्लोट (पेट्रोलची पातळी मोजणारा तरंगता तुकडा), जाळी, झाकणासकट पूर्ण असेंब्ली. मोटर स्वस्त पडते, पण जुन्या प्लास्टिकच्या खिट्ट्या उघडताना तुटतात, आणि आतला छोटा होज बदलावा लागतो. तो होज साधा पेट्रोल पाइप चालत नाही. साधा पाइप आतून पेट्रोल सहन करतो, बाहेरून बुडून राहणं नाही. काही महिन्यांत मऊ होऊन फाटतो आणि नव्या पंपाचा दाब टाकीतच सांडतो. बुडून राहणाऱ्या होजवर 'एसएई ३० आर १०' असं छापलेलं असतं. पहिल्यांदा करत असाल तर माझं मत सरळ आहे, पूर्ण असेंब्ली घ्या. सोबत नवी ओ-रिंग (झाकणाखालची गोल रबरी सील) हवीच, आणि असेंब्ली टाकीला घट्ट धरणारी धातूची लॉक रिंग गंजलेली दिसली तर तीही. पार्ट हातात आल्यावर बॅटरीला जोडून 'फिरतोय का' बघायचा मोह आवरा. हा पंप पेट्रोलानेच थंड होतो आणि पेट्रोलच त्याचं वंगण. कोरडा फिरवला की तिथेच त्याचं आयुष्य कमी होतं.

काम सुरू करण्याआधी मधल्या किंवा मागच्या सीटखालचा कार्पेट उचलून बघा. पुष्कळ गाड्यांत तिथे चार स्क्रूंचं किंवा डांबरी पट्टीने चिकटवलेलं झाकण असतं आणि खाली थेट पंपाचं डोकं. असलं तर टाकी उतरवायची भानगडच नाही, दीड-दोन तासांचं काम. नसेल तर काही बहाद्दर तिथेच पत्रा कापून भोक पाडतात. करू नका. ग्राइंडरच्या ठिणग्या आणि खाली पेट्रोलची टाकी, एवढं कारण पुरे. शिवाय पत्र्याच्या खालून ब्रेकचा पाइप किंवा वायरिंग जात असतं, आणि नंतर ते भोक नीट बंद झालं नाही तर वाफा माणसं बसतात तिथे येतात.

आता आगीचं. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट सुमारे उणे ४३ अंश सेल्सिअस. म्हणजे तुम्ही-आम्ही राहतो त्या कुठल्याही हवेत त्याच्या वाफा पेटायला तयार असतात. त्या हवेपेक्षा तीन ते चार पट जड असतात, म्हणून वर उडून जात नाहीत. जमिनीवर पाण्यासारख्या पसरतात, खड्ड्यात साचतात, दाराखालून पलीकडच्या खोलीत जातात, जिथे गीझरची ज्योत जळत असते. म्हणून काम उघड्यावर करा. बंद गॅरेज नको, सर्व्हिसिंगचा खड्डा तर नकोच. उजेडाला एलईडी टॉर्च. काचेचा तापणारा बल्ब लोंबकळवला, तो पडून फुटला आणि भडका उडाला, असे प्रकार होतात. ड्राय पावडरचं अग्निशामक हाताच्या अंतरावर, गाडीखाली नव्हे. डोळ्यांवर चष्मा हवा. गाडीखाली झोपल्यावर पेट्रोल थेंब-थेंब तोंडावरच येतं. पेट्रोल काढाल ते त्यासाठीच्या कॅनमध्ये, आणि कॅन जमिनीवर टेकवलेला.

टाकी जवळजवळ रिकामी असेल असा दिवस निवडा. चाळीस लिटर पेट्रोल म्हणजे तीस किलो, आणि ते डचमळतं. जॅकवर तोल गेला तर दोघांनाही आवरत नाही. नळी घालून उपसायचं म्हणाल तर पुष्कळ गाड्यांच्या भरण्याच्या नळीत चोरीविरोधी जाळी असते. गाडी अधूनमधून तरी चालतेय तोवर चालवूनच संपवा, पाव टाकीच्या खाली आणा. तोंडाने पेट्रोल ओढणं हा प्रकार डोक्यातूनच काढून टाका.

दाब सोडायला पंपाचा फ्यूज काढा, इंजिन चालू करा, ते आपोआप मरेल. आणखी दोन-तीन सेकंद सेल्फ मारा. मग बॅटरीची मायनस तार काढा. क्रम हाच, कारण बॅटरी आधी काढली तर सेल्फ कशाने मारणार? सायलेन्सर पूर्ण थंड होऊ द्या. टाकी त्याला लागूनच असते.

मागची बाजू जॅक स्टँडवर, पुढच्या चाकांना ठोकळे. टाकीच्या पट्ट्यांच्या बोल्टना आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. पेट्रोल भरण्याच्या नळीचा क्लॅम्प सैल करून होज आधी गोल फिरवून सुटा करा, मग ओढा. नुसता ओढला तर वर्षानुवर्षं चिकटलेलं रबर फाटतं आणि तो होज लगेच कुठे मिळत नाही. टाकीखाली प्लायवूडचा तुकडा ठेवून ट्रॉली जॅक लावा, पट्टे सोडा, आणि टाकी फक्त वीतभर खाली घ्या. पूर्ण खाली आणण्याची घाई केली की वरचा कपलर आणि पाइप ताणून तुटतात. वीतभराच्या त्या फटीत हात घालून कपलर, पेट्रोलचा पाइप आणि वाफांचा पाइप काढायचे. झटपट कपलिंगच्या खिट्ट्या धुळीने घट्ट झालेल्या असतात. आधी पाइप आत ढकला, खिट्टी दाबा, मग ओढा. प्रत्येक टप्प्याला फोटो काढा. संध्याकाळी 'हा पाइप कुठला' यावरून भावाशी होणारं भांडण टळेल.

टाकी खाली आली की कपलरकडे नीट बघा. चार-पाच पिनांपैकी दोन जाड असतात, त्या मोटरच्या, बाकीच्या फ्लोटच्या. जाड पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक करपलेल्या दुधाच्या रंगाचं झालं असेल, पिन निळसर-काळी पडली असेल, तर तो कपलर वायरच्या तुकड्यासकट बदला. जोड क्रिंप करून (धातूची नळी दाबून) वर हीट श्रिंक, म्हणजे उष्णतेने आवळणारी नळी, चढवा, तेही टाकीपासून लांब नेऊन. त्या जागी सोल्डरिंगची इस्त्री चालत नाही, हे सांगायला नको.

यानंतर लगेच लॉक रिंगला हात घालू नका. टाकीच्या डोक्यावर दहा वर्षांची माती बसलेली असते, पंपाच्या गळ्याभोवती तर सुकलेल्या चिखलाचं कडंच. रिंग फिरवली की ते सगळं टाकीत. आधी ब्रशने खरवडा, फडक्याने पुसा, रिंगच्या खाचा दिसेपर्यंत स्वच्छ करा. वीस मिनिटं जातील. जाऊ द्या. धातूची रिंग पितळी छन्नीने किंवा कडक लाकडाने ठोकत फिरवायची. लोखंडावर लोखंड मारलं की ठिणगी. प्लास्टिकच्या मोठ्या रिंगला पट्ट्याचा पाना चांगला. रिंग सुटली की असेंब्ली आतल्या स्प्रिंगने वर उसळते, दचकू नका. सरळ उपटायची नाही. बाहेर येता येता तिरपी करायची, म्हणजे फ्लोटची तार अडकून वाकणार नाही. तार थोडी जरी वाकली तर पेट्रोलचा काटा आयुष्यभर खोटं बोलेल. असेंब्लीच्या पोटात अर्धा-पाऊण लिटर पेट्रोल असतं, खाली तसराळं तयार ठेवा.

जुन्या पंपाची जाळी उजेडात धरा. काळी, चिकट किंवा गंजाच्या कणांनी भरलेली असेल तर टाकीही आतून बघा, उरलेलं पेट्रोल काढा, धागे न सुटणाऱ्या फडक्याने तळ पुसून घ्या. हे न करता नवा पंप घातला तर तो तीच घाण प्यायला लागेल. वेगळा फिल्टर असेल तर तोही याच वेळी बदला. जुनी आणि नवी असेंब्ली शेजारी-शेजारी ठेवून उंची, पाइपची तोंडं, कपलरचा आकार, फ्लोटच्या तारेची दिशा जुळवा. डब्यावर गाडीचं नाव बरोबर आणि आत पार्ट भलताच, हे मी एकदा नाही, बऱ्याचदा पाहिलंय.

बसवताना सगळा जीव ओ-रिंगमध्ये आहे. जुनी रिंग पेट्रोलाने फुगलेली असते, एकदा निघाली की त्या खाचेत परत मावत नाही. मावली असं वाटलं तरी नको. खाच कोरडी पुसा, नवी रिंग सपाट बसवा, बोटावर जेमतेम लागेल एवढं स्वच्छ इंजिन ऑइल फिरवा. असेंब्लीवरचा बाण टाकीवरच्या खुणेशी जुळवा. आता स्प्रिंग दाबून धरायला दोन हात आणि लॉक रिंग फिरवायला दोन. भाऊ इथेच कामी येतो. रिंग कुठे चिमटली का हे शेवटचं वाकून बघा.

टाकी चढवली, पाइप 'टक्' आवाज येईपर्यंत ढकलले, ओढून खात्री केली. दहा लिटर पेट्रोल घाला, फ्यूज परत लावा आणि बॅटरी जोडा. लगेच सेल्फ मारू नका; चावी चार-पाच वेळा ऑन-ऑफ करा, प्रत्येक वेळी पंपाला त्याची दोन सेकंदं द्या म्हणजे पाइपातली हवा निघून दाब येईल. तोवर भावाने खाली टॉर्च धरून थेंब शोधायचा. कोरडं असेल तर सेल्फ मारा.

इथे लोक हात धुतात. पण वरची ओ-रिंग गळतेय का हे दहा लिटरवर कळत नाही, कारण पेट्रोल तिथवर पोचतच नाही. एकदा टाकी पूर्ण भरा, दोन वळणं घ्या आणि मग खाली वाकून बघा, वास घ्या. आठवड्याभरात चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर दोषाचा कोड पी ०४५५ किंवा पी ०४४२ आला, तर ती वाफांची गळती आहे. आधी भरण्याचं झाकण घट्ट आहे का ते बघा, नंतर ओ-रिंगवर संशय घ्या. पी ०२३० आला तर पंपाच्या वीजमार्गाची तक्रार आहे, म्हणजे परत कपलर, रिले आणि वायरिंग.

पुढे पंप टिकवायचा तर पेट्रोलचा काटा सतत लाल पट्टीत ठेवायची सवय सोडा. मोटर उघडी पडते, तापते. गॅस किट लावलेल्या गाड्यांचे मालक पेट्रोल तळाला ठेवतात आणि मग पंपाला नावं ठेवतात.

तुमच्याबद्दल बोलायचं तर अजून पार्ट मागवू नका. गाडी बंद पडली की आधी टॅकोमीटरचा काटा, मग झाकणाशी कान. काटा थरथरतोय आणि टाकीतून आवाज नाही, असं दोनदा दिसलं की मग मीटर घेऊन कपलरपाशी जा.